सँडफिशच्या नर्सरीत सोया पेंड आणि कोंडा: किती, कसा आणि कुठवर

नमस्कार. आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल.

रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकून तुम्ही सध्या झांझिबारला सँडफिशच्या, म्हणजे होलोथुरिया स्काब्रा या समुद्री काकडीच्या, नर्सरीत काम करताय. सर्गासम या तपकिरी समुद्री शैवालाची पावडर हंगामातच मिळते आणि महाग पडते. मालकांनी सांगितलं की कोळंबीच्या खाद्यासारखं सोयाबीनवर काहीतरी बसवा. तुम्ही 50 टक्के सोया डीओसी (तेल काढलेली सोया पेंड), 40 टक्के भाताचा कोंडा आणि 10 टक्के सर्गासम असं मिश्रण केलंत. टाकी 4 चौरस मीटरची, पिल्लं 1200, सरासरी वजन 0.9 ग्रॅम, रोज वजनाच्या 5 टक्के खाद्य. पहिला आठवडा बरा गेला. मग वाढ थांबली, वाळूत काळे पट्टे दिसू लागले, वास यायला लागला आणि पिल्लं वाळूत न शिरता भिंतीवर चढून बसू लागली. तुमचे प्रश्न तीन: सोया किती टक्क्यांवर आणू, लायसिन-मेथिओनिन ही अमिनो आम्लं वरून घालू का, आणि पुढेमागे हेच मालवणात करता येईल का.

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर सरळच देतो. सोया चालते. चिखल मिसळण्याआधीच्या कोरड्या मिश्रणात मी आंबवलेली सोया डीओसी 10 ते 15 टक्के घेतो, चांगला कोंडाही तेवढाच घेतो, आणि त्यापुढे जात नाही. अमिनो आम्लं वरून घालू नका. सुट्या स्वरूपातलं लायसिन आणि मेथिओनिन पाण्यात विरघळतं आणि हा प्राणी इतक्या सावकाश खातो की त्याच्या तोंडी ते लागायच्या आत निघून गेलेलं असतं. मालवणाचं शेवटी बोलू.

पण तुमच्या टाकीचं दुखणं सोयाच्या टक्केवारीत थोडंच आहे. तुम्ही 28-29 टक्के प्रोटीनचं खाद्य अशा प्राण्याला दिलंत जो खाद्याचा कण उचलून खात नाही, वाळू खातो. तो खाईपर्यंत ते खाद्य 29 अंशांच्या पाण्यात तळाशी पडून राहिलं. कोळंबीच्या शिक्षणातून आलेला माणूस 'या घटकात प्रोटीन किती' हा प्रश्न आधी विचारतो. समुद्री काकडीच्या खाद्यात मी आधी विचारतो की हा घटक तळाशी पडल्यावर किती वेगाने कुजेल आणि कुजताना काय सोडेल.

प्राणी खातो कसा ते डोळ्यांसमोर आणा. तोंडाभोवतीच्या स्पर्शिकांनी तो वरच्या थरातली वाळू आणि गाळ उचलतो, आतड्यातून जाऊ देतो, आणि त्या गाळातले डायटम (एकपेशीय सूक्ष्म शैवाल), जिवाणू, कुजकट सेंद्रिय कण यांतून पोषण काढतो. नैसर्गिक गाळात सेंद्रिय भाग थोडाच असतो, उरलेली सगळी माती आणि वाळू. अशा पातळ आहारावर जगायला हे शरीर बनलेलं आहे. वनस्पतींचं सेल्युलोज आणि शैवालांतले चिवट पदार्थ स्वतःच्या बळावर फोडण्याची याची ताकद कमी, त्या कामात आतड्यातले आणि गाळातले सूक्ष्मजीव मदत करतात. शेतात घातलेलं शेणखत जमिनीत मुरून मगच पिकाला मिळतं, तसं इथे आपण खाद्य वाळूला देतो, त्यावर सूक्ष्मजीवांचा थर वाढतो आणि तो थर प्राणी खातो. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुचतात.

आता तुमच्याच आकड्यांचं गणित करू. 1200 पिल्लं गुणिले 0.9 ग्रॅम म्हणजे 1080 ग्रॅम. भागिले 4 चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला 270 ग्रॅम. सँडफिशमध्ये चौरस मीटरला 200 ते 250 ग्रॅमच्या आसपास वजन साचलं की वाढ मंदावते आणि थांबते, हे टाक्यांतल्या प्रयोगांत आणि समुद्रातल्या पेनमध्ये, म्हणजे जाळीचं कुंपण घातलेल्या जागेत, पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. तुम्ही ती मर्यादा आधीच ओलांडलेली होती. म्हणजे नुसत्या सर्गासमवर ठेवली असती तरी या टाकीतली पिल्लं अडलीच असती. पहिला आठवडा बरा गेला तो बहुधा आधीच्या वाळूवर जमलेल्या थराच्या जिवावर.

दुसरं गणित नायट्रोजनचं. 1080 ग्रॅमच्या 5 टक्के म्हणजे रोज 54 ग्रॅम खाद्य. 29 टक्के प्रोटीन धरलं तर त्यात साधारण अडीच ग्रॅम नायट्रोजन येतो, रोज, 4 चौरस मीटरवर. मी याच वजनाला 1 टक्का, म्हणजे 11 ग्रॅमच्या आत, आणि 18-19 टक्के प्रोटीनचं खाद्य दिलं असतं. त्यातून पाव ते अर्ध्या ग्रॅमच्या दरम्यान नायट्रोजन जातो. तुमच्या टाकीवर जवळजवळ आठपट भार होता. काळे पट्टे त्याचीच खूण. वाळूतला ऑक्सिजन संपला की समुद्राच्या पाण्यात मुबलक असलेल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू कामाला लागतात, हायड्रोजन सल्फाइड तयार होतं आणि लोहाशी मिळून वाळू काळी पडते. 0.9 ग्रॅमचं निरोगी पिल्लू दिवसाचा काही काळ वाळूत पुरून घेतंच. ते भिंतीवर बसून राहतंय, म्हणजे वाळू त्याला सोसत नाही. हे लक्षण वासाच्याही आधी दिसतं. सकाळच्या फेरीत मी आधी भिंतींकडे बघतो.

तेव्हा आजच्या आज करायचं ते असं. दोन दिवस खाद्य बंद. पिल्लं हलक्या हाताने काढून स्वच्छ टाकीत हलवा, आणि हलवताना संख्या विभागा. चौरस मीटरला 100 ते 120 ग्रॅमच्या वर ठेवू नका, म्हणजे वाढायला जागा राहील. काळी वाळू परत वापरायची असेल तर गोड्या पाण्याने धुवून, उन्हात पसरून, पूर्ण वाळवून मगच. नव्या टाकीत बारीक वाळूचा थर एक ते दोन सेंटिमीटरचाच ठेवा. जाड थरात खालचा भाग लवकर गुदमरतो.

आता सर्गासमकडे येऊ, कारण त्याची जागा भरायची तर ते नेमकं करतं काय हे कळायला हवं. सर्गासममध्ये प्रोटीन फार नाही, कोरड्या वजनावर साधारण 8 ते 12 टक्के. राख मात्र पाव हिश्श्याच्या आसपास किंवा अधिक. म्हणजे ते खनिजांनी भरलेलं, जड, पटकन तळाशी बसणारं आणि सावकाश कुजणारं द्रव्य आहे. त्याच्या बारीक पावडरीवर सूक्ष्मजीवांचा थर चांगला धरतो आणि पाणी बिघडायला वेळ लागतो. त्याचं मोल या मंदपणात आहे. तुमच्या मिश्रणात हा मंद भाग 10 टक्के उरला आणि झटपट कुजणारा भाग 90 टक्के झाला.

चीनमध्ये हीच अडचण मोठ्या प्रमाणावर आली. तिथे अपोस्टिकोपस जापोनिकस ही थंड पाण्यातली जात पाळतात, लिआओनिंग आणि शांडोंग ही त्याची मुख्य ठिकाणं, आणि देशाचं वर्षाचं ओलं उत्पादन 2 लाख टनांच्या वर जातं. पिल्लांचं आवडतं खाद्य म्हणजे सर्गासम थुनबर्गाय. मागणी इतकी वाढली की किनाऱ्यावरची त्याची नैसर्गिक वाढ ओरबाडली गेली, भाव चढले, आणि मग लोक लागवडीच्या केल्पकडे, उल्वाकडे (दोन्ही समुद्री शैवालंच, उल्वा हिरवं) आणि पुढे सोया, मका, गहू यांच्याकडे वळले. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक खाद्यात समुद्राचा बारीक चिखल मोठ्या प्रमाणात मिसळलेला असतो, हे वाचताना सुटून जातं. त्या जातीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत 20 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन आणि 5 टक्क्यांच्या आसपास चरबी पुरेशी ठरली आहे.

त्यांचे तक्ते तसेच्या तसे उचलू नका, असं मी मुद्दाम सांगतो. ती जात 15 ते 18 अंशांना उत्तम वाढते आणि पाणी तापलं की खाणं सोडून ग्रीष्मनिद्रेत जाते, आतडंसुद्धा आक्रसतं. 16 अंशांच्या पाण्यात जे खाद्य चार दिवस टिकतं ते तुमच्या 29 अंशांत दीड दिवसात आंबट होतं. सोयाचं जे प्रमाण तिथे निभावतं ते झांझिबारच्या टाकीत अंगाशी येऊ शकतं, आणि यात प्राण्यापेक्षा पाण्याच्या तापमानाचा वाटा मोठा आहे.

आता एकेक घटक घेतो. सोयावर जरा जास्त बोलतो, कारण तुमचा मुख्य भार तिच्यावर होता.

सोया डीओसीमध्ये 44 ते 48 टक्के प्रोटीन असतं आणि मेथिओनिन कमी असतं, हे तुम्हाला माहीत आहेच. तिच्यातल्या ट्रिप्सिन रोधकांचा, म्हणजे प्रोटीनचं पचन अडवणाऱ्या घटकांचा, बराच भाग कारखान्यात भाजताना निकामी होतो, पण किती, हे मालावर अवलंबून असतं. खरेदी करताना युरिएज या सोयातल्या विकराची चाचणी मागा. पीएचमधली वाढ 0.05 ते 0.20 च्या दरम्यान असेल तर माल नीट भाजलेला. त्याहून जास्त असेल तर कच्चा राहिलाय. अगदी शून्यावर असेल तर जास्त भाजून लायसिन खराब झालं असण्याची शक्यता. काही गिरणीवाले तेलासकट दळलेलं कच्चं सोयाबीन पेंड म्हणून विकतात, त्यात 18 ते 20 टक्के तेल असतं. ते या प्राण्याला मुळीच नको. तवंग येईल आणि थर खराब होईल.

भाजून न जाणारा भाग म्हणजे फायटिक आम्ल आणि रॅफिनोज, स्टॅकिओजसारख्या शर्करा. या शर्करा टाकीत पडल्या की जिवाणूंची एकदम भरती येते, पाणी दुधाळ होतं. म्हणूनच मी सोया आंबवल्याशिवाय वापरत नाही. कृती सोपी आहे. डीओसी आणि कोंडा बारीक दळून एकत्र करा, 40 टक्क्यांच्या आसपास ओलावा येईल एवढं पाणी घाला, म्हणजे मुठीत दाबल्यावर गोळा होतो पण पाणी गळत नाही. त्यात थोडी गुळाची मळी आणि बेकरीचं यीस्ट मिसळा. जाड पिशवीत हवा काढून घट्ट बांधा. तुमच्या हवेत दोन ते तीन दिवस पुरतात. उघडल्यावर आंबूस, इडलीच्या पिठासारखा वास यायला हवा. कुबट किंवा अमोनियाचा वास आला तर ती पिशवी खतात टाका, पिल्लांना देऊ नका. नीट आंबलेला माल सावलीत पातळ पसरून वाळवा आणि पुन्हा दळा. यात शर्करा जिवाणूंनी आधीच खाऊन टाकलेल्या असतात, फायटिक आम्लही काही प्रमाणात कमी होतं. जी कुज टाकीत व्हायची तिचा पहिला, सर्वांत जोरदार टप्पा आपण पिशवीत उरकून घेतो.

कोंड्याबाबत एक प्रश्न: तो कुठल्या गिरणीतला? कोकणात हलरचा कोंडा म्हणतात त्यात तूस आणि कोंडा एकत्र दळला जातो, आणि तुमच्याकडे झांझिबारला पुंबा म्हणून पोत्यात मिळतो त्यातही बऱ्याचदा तेच असतं. तुसात सिलिका भरलेली असते, पोषण नाही. चिमूट पाण्यात टाका आणि ढवळा, सोनेरी पापुद्रे वर तरंगले तर तूस समजा. शुद्ध कोंड्याची अडचण वेगळी. त्यात 12 ते 18 टक्के तेल असतं आणि दळल्याबरोबर त्यातलं लायपेज हे विकर ते तेल फोडायला लागतं. दमट हवेत आठवड्याभरात खवट वास येतो. गिरणीतून आणल्या दिवशीच कढईत कोरडा परतून घ्या, किंवा मिळाला तर तेल काढलेला कोंडा, डीओआरबी, घ्या. तो जास्त दिवस टिकतो, प्रोटीनही 14 ते 16 टक्के असतं आणि या प्राण्याला तसंही तेल नकोच आहे.

तिथे सूर्यफुलाची पेंड, मशुडू, स्वस्त आणि भरपूर मिळते, कारण टांझानियाच्या मधल्या भागात सूर्यफूल खूप पिकतं. मालक उद्या तीही सुचवतील. सालासकट काढलेल्या पेंडीत तंतू फार, आणि सालाचे टोकदार कण छोट्या पिल्लांना त्रासाचे. बारीक चाळून 5 टक्क्यांपर्यंत बघायला हरकत नाही. खोबऱ्याची पेंड आणि शेंगदाण्याची पेंड मी टाळतो. दमट गोदामात अफ्लाटॉक्सिनची, म्हणजे बुरशीच्या विषाची, भीती दोन्हींना आहे, आणि पोत्यावर बुरशी दिसत नाही म्हणजे ती नाही असं नसतं. सरकीची पेंड तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्यामुळे नको. मका बहुतांशी स्टार्च, त्याचा इथे उपयोग नाही.

यापेक्षा तुमच्या दारातच असलेली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. झांझिबारमध्ये 1989 पासून व्यापारी प्रमाणावर समुद्री शैवालाची शेती होते. पाजे, जांबियानी या पूर्व किनाऱ्यावरच्या गावांतून ती सुरू झाली आणि आजही ते काम मुख्यतः बायका करतात. युकेमा या लागवडीच्या शैवालाच्या दोऱ्यांवरून तुटलेले तुकडे, आईस-आईस रोगाने पांढरे पडलेले शेंडे, विक्रीत न बसणारा माल किनाऱ्यावर पडून असतो. तो विकत घ्या, योग्य दाम द्या. एकट्या युकेमावर खाद्य उभं राहणार नाही, प्रोटीन फारच कमी आणि कॅरागीनन या त्यातल्या चिकट द्रव्यामुळे पावडर पाण्यात फुगून जेलीसारखी होते. पण 5 टक्के घातली तर तीच गोष्ट कामी येते: बारीक कण एकमेकांना धरून राहतात आणि तळाशी बसतात. शिवाय त्याच दोऱ्यांवर आणि आसपासच्या खडकांवर उल्वा वाढते. उल्वा धुवून, उन्हात वाळवून, दळून ठेवली तर तिच्यात साधारण 15 टक्के प्रोटीन मिळतं. उथळ खाडीत वाढलेली असेल तर अधिकही. सर्गासमचा पर्याय म्हणून मी सोयाच्या आधी उल्वाकडे बघेन.

किनाऱ्यावर वाहून आलेलं समुद्री गवतही घेता येतं, पण वाहून आलेलंच. उगवलेलं गवत उपटू नका. सँडफिशची लहान पिल्लं निसर्गात त्याच गवताच्या पानांवर बसतात, आणि तुमच्या पेनला पुढे तेच गवत लागणार आहे.

या सगळ्यातून 1 ग्रॅमच्या आसपासच्या पिल्लांसाठी मी साधारण असं मिश्रण धरेन: सर्गासम 40, उल्वा 20, आंबवलेली सोया 15, आंबवलेला कोंडा 15, स्पायरुलिना (प्रोटीनने भरलेली सूक्ष्म शैवालाची पावडर) 5, युकेमा 5. बेरीज 100, प्रोटीन 18 ते 19 टक्के. नुसत्या सर्गासमच्या खाद्याच्या मानाने तुमचं सर्गासमचं बिल यात निम्म्याहून खाली येतं, आणि मालकांना हवं होतं ते हेच. सर्गासम आणखी कमी करायचं असेल तर त्याची जागा उल्वाने घ्या, सोयाने नको. स्पायरुलिना महाग वाटली तरी काढू नका. थोडक्यात बरंच काम करते, आणि लहान पिल्लं ती आवडीने घेतात.

हे मिश्रण 100 मायक्रॉनच्या चाळणीतून काढा. मग स्वच्छ जागेवरचा समुद्राचा बारीक चिखल उन्हात वाळवून, दळून, चाळून तेवढ्याच किंवा दीडपट वजनाने मिसळा. बंदराजवळचा, नाल्याच्या तोंडाचा चिखल नको. रात्रभर भिजवा आणि सकाळी पाणी बंद करून सगळ्या तळावर सारखं पसरा, अर्ध्या-पाऊण तासाने प्रवाह सुरू करा. खाद्य कोरडं वजन धरून, चिखल सोडून, पिल्लांच्या ओल्या वजनाच्या 1 टक्का, आणि तेही एक दिवसाआड देऊन बघा. मागचं खाद्य तळावर स्पष्ट दिसत असेल तर त्या दिवशी देऊ नका. पहाटे तळाजवळचा ऑक्सिजन मोजा, दिवसा मोजलेला आकडा फसवतो.

खाद्य कमी करण्याचं आणखी एक कारण कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले इवलेसे कवचधारी जीव. जास्तीच्या खाद्यावर ते झपाट्याने वाढतात, पिल्लांचं खाद्य पळवतात आणि छोट्या पिल्लांच्या कातडीला इजा करतात. कीटकनाशक टाकून ते मारण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, मला ती मान्य नाही. हात आखडता घ्या, टाकी बदला, येणारं पाणी गाळा, एवढ्याने ताब्यात राहतात.

वयानुसार हे सगळं बदलतं, म्हणून एका दमात सांगतो. अळीच्या अवस्थेत जमिनीवरची कुठलीही पेंड नको. तिथे कीटोसेरॉस आणि आयसोक्रायसिससारखी जिवंत सूक्ष्म शैवालंच हवीत. पिल्लं तळाला चिकटतात तेव्हा पाट्यांवर नॅव्हिक्युलासारख्या डायटमचा थर किंवा स्पायरुलिनाचा लेप. पाच-सहा मिलिमीटरपर्यंत सर्गासमचा गाळलेला अर्क आणि स्पायरुलिना, सोया शून्य. त्यानंतर हळूहळू वरचं मिश्रण. पिल्लं तळ्यातल्या हाप्यात, म्हणजे बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, असतील तर बहुतेक वेळा काहीच घालावं लागत नाही, जाळीवर जमणारा थर पुरतो. फक्त मासिकाच्या, म्हणजे तिथल्या मार्च ते मेच्या मोठ्या, पावसात तळ्याची क्षारता 20 पीपीटीच्या (हजारी 20 भागांच्या) खाली जाऊ देऊ नका, तिथे खाद्याने काही वाचत नाही. आणि समुद्रातल्या पेनमध्ये खाद्य घालूच नका. तिथे घनता सांभाळणं हेच व्यवस्थापन.

डायटमबद्दल एक गोष्ट सोयाच्या संदर्भात सांगायला हवी. सोया आणि कोंड्यातल्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर, पण समुद्री प्राण्याला लागणारं ईपीए हे ओमेगा-3 मेदाम्ल जवळजवळ नाही. खाद्यात जमिनीवरच्या वनस्पती वाढल्या की प्राण्याच्या शरीरातल्या चरबीचा तोल तिकडे झुकतो. डायटम ईपीए बनवतात. म्हणून टाक्यांवरची सावलीची जाळी पूर्ण काळोख करणारी नको. मंद उजेड येऊ द्या, वाळूवर तपकिरी थर धरू द्या. पेंडीत जे नाही ते हा थर पुरवतो, आणि फुकट.

बदल केल्यावर परिणाम मोजाल कसे, हेही महत्त्वाचं. एकाच घनतेच्या टाक्या घ्या: एकीत जुनं सर्गासमचं खाद्य, एकीत नवं मिश्रण, आणि एकीत काहीच नाही, फक्त वाळू आणि वाहतं पाणी. ही शेवटची टाकी लोक ठेवत नाहीत आणि मग नुसत्या पाण्यातून आलेल्या थरावरची वाढ खाद्याच्या नावावर जमा होते. जमलं तर प्रत्येकी दोन-तीन टाक्या ठेवा. वजन करताना पिल्लांना आदल्या दिवशी वाळू नसलेल्या स्वच्छ पाण्यात ठेवून आतडं रिकामं होऊ द्या. या प्राण्याच्या पोटातली वाळू वजनाचा मोठा भाग असते, चिखलाचं खाद्य खाणारी पिल्लं उगाच जड भरतात. ओल्या कापडावर क्षणभर टेकवून मग तराजूवर घ्या, आणि प्रत्येक वेळी त्याच पद्धतीने.

मालकांशी बोलताना किलोमागे खाद्याचा दर सांगू नका. पेनमध्ये सोडण्याजोगं एक पिल्लू तयार करायला खाद्य, पाणी उपसायची वीज, टाकी धुण्याची मजुरी आणि मेलेली पिल्लं मिळून किती खर्च आला, ते सांगा. तुमच्या 50 टक्के सोयाच्या मिश्रणाचा किलोमागचा दर नक्कीच कमी होता. त्या टाकीतून तयार पिल्लं किती निघाली, यावर तो भागा.

आता मालवण. नाही, भारतात हे करता येत नाही. सगळ्या समुद्री काकड्या 2001 पासून 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. पकडणं, बाळगणं, विकणं, सगळंच गुन्हा. सँडफिशची पिल्लं हॅचरीत तयार करण्याचं काम मुळात आपल्याकडेच, तुतिकोरिनला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेत 1988 मध्ये डॉ. डी. बी. जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून दाखवलं होतं, म्हणून अनेकांना वाटतं की इथे शेतीला वाव असेल. तसा तो खासगी माणसाला नाही. येताना सुकवलेला नमुनासुद्धा बॅगेत आणू नका. मालवणात काही करायचंच असेल तर कालवं, शिंपले किंवा शैवाल यांचा विचार करा, त्यावर वेगळं विचारलंत तर सविस्तर लिहीन.

सध्या घनता अर्ध्याच्याही खाली आणा, वाळू बदला, आणि नवं मिश्रण दोन-तीन टाक्यांतच सुरू करा. तीन आठवड्यांनी रिकाम्या पोटाची वजनं, पहाटेचा ऑक्सिजन आणि भिंतीवर बसलेल्या पिल्लांची रोजची संख्या पाठवा. सोबत कोंडा कुठल्या गिरणीतला आणि सोयाची युरिएज चाचणी काय आली तेही लिहा. त्यावरून सोया 15 वर ठेवायची की 10 वर आणायची ते ठरवता येईल.